शून्य आणि रेघ : समुद्री गरुडाच्या दोन वह्या

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे एक आकडा तयार होता : अकरावरून चार. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याच्या एका पट्ट्यात समुद्री गरुडाची अकरा घरटी नोंदलेली होती, त्यातली चार उरली. मध्ये ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. कारण समोर, परिणाम समोर. एका वार्ताहराचा फोनही येऊन गेला होता. मी दोन पानी टिपण लिहून ठेवलं होतं आणि त्याला दिलेलं शीर्षक मला आज सांगवत नाही.

ते टिपण गेलं नाही. का गेलं नाही आणि पुढे काय निघालं, ते इथे मांडतो आहे. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे आमच्यासारखे छोटे गट आता कोकणात बरेच झालेत, आणि आमच्या वहीतली चूक त्यातल्या कुणाच्या तरी वहीत असणारच. गावांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कॅमेरेवाले थेट झाडाखाली जाऊन उभे राहतात हे एक कारण; दुसरं कारण बागायतदारांचं आहे, ते पुढे येईल.

पक्षी

पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी कधीही मान वर केली तर दिसतो. पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, शेपूट पाचरीसारखी, आणि उडताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. मच्छीमारांत कोणी काकण म्हणतं. ‘कांक, कांक’ असं खणखणीत ओरडतो, त्यावरून नाव पडलं असावं असा माझा आपला अंदाज. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदावर वाघाइतकंच संरक्षण.

जोडी वर्षानुवर्षं एकाच टापूत राहते. पाऊस सरला की जुन्या घरट्यावर नव्या काटक्या चढायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे अंडी, बहुधा दोन. सहा आठवडे उबवणं, मग पिल्लू घरट्यात अडीच महिन्यांच्या आसपास. शिमग्याला पालखी बाहेर पडते त्या सुमाराला पिल्लू फांदीवर येऊन पंख मारून बघत असतं. या हिशेबाने जूनमधल्या वादळाने पिल्लं मारली नाहीत, ती तोवर उडालेली होती. वादळाने झाडं नेली. ही एवढी साधी गोष्ट टिपण लिहिताना माझ्या डोक्यात आली नव्हती.

घरटं शोधायला वर बघण्याआधी खाली बघावं. झाडाखालच्या करवंदीच्या जाळीवर चुना ओतल्यासारखी विष्ठा असते. त्यात माशांचे जबडे, म्हाकुळाचं समुद्रफेण, आणि नीट पाहिलं तर मण्यांच्या तुटलेल्या माळेसारखे समुद्री सापांचे मणके. आमच्यातल्या एका मुलीने असे मणके काड्यापेटीत भरून वर्गात नेले होते. बाईंनी ते दारावरच जप्त केले.

वह्या

आमचा गट म्हणजे दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक आंबा बागायतदार आणि शाळा सोडून गेलेली पण वही न सोडलेली तीन-चार मुलं. २०१४ च्या हिवाळ्यापासून आमची वही आहे. खाडीपलीकडे एका महाविद्यालयाच्या प्राध्यापक मॅडम आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम करत होत्या, आमच्यानंतर दोन वर्षांनी सुरू केलेलं. मधला पट्टा दोघांचाही.

एकमेकांबद्दल विश्वास नव्हता, हे सरळ सांगायला हवं. आम्हाला वाटे, मॅडम आमच्या नोंदी घेऊन शोधनिबंध छापतील आणि आम्ही आभारात एका ओळीत बसू. त्यांना वाटे, आमची वही ही हौशी लोकांची वही आहे. दोघांचंही बरोबर होतं.

वादळानंतर मात्र दोघांनाही पलीकडची वही हवीशी वाटू लागली. मार्च २०२१ मध्ये दोन्ही यादींची एक एक्सेल शीट झाली, आणि त्यातून तो आकडा आला. वादळाआधीच्या मोसमात अकरा, नंतरच्या मोसमात चार.

शीट बघून सगळे गप्प बसले. पोस्टमास्तर मात्र चष्मा पुसत म्हणाले, “हे झाडं मोजलीत, का पाखरं?”

कोणी बोललं नाही तेव्हा ते पुढे म्हणाले, “आम्ही पत्र परत पाठवताना शेरा मारायचो. घर बंद. पत्ता सोडून गेले. मयत. तिन्हीत पत्र परतच जायचं, पण शेरे तीन होते. तुमच्या शीटमध्ये एकच दिसतो.”

पडवीतले दोन रविवार

एप्रिलचे दोन रविवार आम्ही पोस्टमास्तरांच्या (आमच्यात ते नुसते मास्तर) पडवीत दोन्ही मूळ वह्या शेजारी शेजारी ठेवून बसलो. शीट बाजूला ठेवली. शीटमध्ये सगळं सारखंच नीटनेटकं दिसतं. मूळ वहीत मात्र कुणाचं अक्षर आहे, पेन कुठे बदललं, कुठे चहा सांडला, हे सगळं कळतं.

पहिला घोळ तासाभरात सापडला. आमच्या यादीतला ‘सुरू ५’ (सुरूचं झाड, क्रमांक पाच) आणि मॅडमच्या यादीतलं ‘देवळामागचं’ हे एकच झाड होतं. आम्ही ते पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या बाजूने बघत होतो, ते देवळाच्या बाजूने. अकराची दहा झाली.

दुसऱ्या घोळाला दोन्ही रविवार लागले. एका जोडीची दोन-तीन घरटी असू शकतात. एक वापरायचं, दुसरं डागडुजी करून ठेवायचं, कधी वर्षाआड बदलायचं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण वहीत आम्ही क्रमांक झाडाला दिले होते, जोडीला नाही. झाड एकदा यादीत चढलं की पुढच्या वर्षी रिकामं असलं तरी उतरत नव्हतं. मॅडमचे विद्यार्थी फक्त पक्षी बसलेली घरटी धरत होते. दोन्ही याद्या एकत्र केल्या तेव्हा आमची रिकामी आणि त्यांची बसलेली घरटी एकाच रकान्यात जाऊन पडली.

मग आम्ही दहाही झाडांची एकेका वर्षाची हकीकत लांबलचक कागदावर उतरवली. हाकेच्या अंतरावरची झाडांची तीन जोडकं अशी निघाली, की दोन्ही झाडांवर एकाच मोसमात कधीही अंडी-पिल्लू नोंदलेलं नव्हतं. एक वर्ष हे, एक वर्ष ते. म्हणजे बहुधा जोडी एकच. दहा झाडं, सात जोड्या. ‘बहुधा’ हा शब्द त्या कागदावर तसाच आहे. पक्ष्यांच्या पायात कडी नाही, त्यामुळे हाच नर आणि हीच मादी हे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

तिसरा घोळ सगळ्यात लाजिरवाणा. आमच्या वहीत आडवी रेघ होती. घरट्यापाशी जाऊन काही दिसलं नाही तरी रेघ, आणि त्या दिवशी कुणी गेलंच नाही तरी रेघ. शीट करताना आमच्यातल्या एका मुलाने सगळ्या रेघांची शून्यं केली. त्याची चूक नाही. त्याला काय ठाऊक, कुठली रेघ म्हणजे तासभर मान मोडून बघणं आणि कुठली म्हणजे मास्तरांच्या नातीचं लग्न.

२०२०-२१ च्या मोसमात तर रेघांचं रानच होतं. वादळाने पाणंदी बंद, कलमं उन्मळून वाटेवर आडवी, त्यात कोरोना. आम्ही काय केलं होतं? जुन्या यादीतल्या झाडांपाशी गेलो. सहा झाडं आडवी होती, तिथे ‘घरटं नाही’ लिहून परत आलो. त्या सहा झाडांवरची पाखरं कुठे गेली हे बघायला शेजारच्या वाडीतसुद्धा कुणी गेलं नाही. पडलेल्या घरापुढे उभं राहून घरातली माणसं मेली असं लिहिण्याचा हा प्रकार होता.

तेव्हा अकरावरून चार हे खरं नव्हतं. सात जोड्यांपैकी चार जागेवर, तिघींचा पत्ता नाही, इतकंच म्हणता येत होतं. टिपण मी फाडलं. वार्ताहराला फोन करून सांगितलं, अजून वर्षभर थांबा. तो थोडा रागावला.

मग कशाला ठेवायची वही?

हा प्रश्न आमच्यातल्याच एका तरुणाने त्या दुसऱ्या रविवारी विचारला. सात वर्षं राबून शेवटी ‘बहुधा’च हाती येणार असेल तर ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर याद्या टाकलेल्या काय वाईट?

वाईट मुळीच नाहीत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या अशाच याद्यांवर उभा आहे, ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला. त्या पद्धतीचं मर्म असं, की यादी संपूर्ण असेल, म्हणजे दिसलेली प्रत्येक जात लिहिली असेल, तर न लिहिलेल्या जातीचाही अर्थ लागतो. तिथे शून्य आणि रेघ आपोआप वेगळी होतात. आम्ही सात वर्षांत जे केलं नाही ते त्या एका नियमात आहे.

पण समुद्री गरुडाचं गणित वेगळं पडतं. वीस-वीस वर्षं जगणारा पक्षी. पिल्लाला प्रौढाचा पांढरा-राखाडी रंग यायलाच चार-पाच वर्षं लागतात. समजा एखाद्या खाडीवर सलग आठ वर्षं एकही पिल्लू उडालं नाही, तरी म्हातारी जोडी रोज सकाळी आकाशात हजर असेल आणि याद्यांमध्ये ‘समुद्री गरुड, २’ येतच राहील. घसरण दिसेल तोवर फार उशीर झालेला असेल. घरट्यात काय झालं, पिल्लू उडालं की नाही, हे झाडासमोर बसणाऱ्यालाच कळतं.

आणि जुनी मोजणी जागेवर असली तर ती कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. दहा-बारा वर्षांनी तिथेच पुन्हा मोजली, तेव्हा गिधाडं कोसळल्याचं आकड्यांत दिसलं आणि १९९९ साली छापून आलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याचं कारण, हे २००४ साली पुढे आलं, जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली. आमच्या कोकणात म्हसळ्याच्या चिरगावला गिधाडं टिकून आहेत, तिथे जाणाऱ्याला हा इतिहास कुणीतरी सांगतोच. त्यात एक बारीक गोष्ट निसटते : जागा तीच होती, मोजणारा तोच होता. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांचंही तसंच. तिथल्या पाकोळ्या आणि सुरय यांच्याबद्दल पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९४० आणि १९४२ साली लिहून ठेवलं नसतं, तर २००७ साली सतीश पांडे आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या नोंदी कशाशी ताडून बघणार होतो?

त्या तरुणाचं यावर समाधान झालं का, ते मला माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये तो होडीत मात्र आला.

शोध

२०२१ च्या ऑक्टोबरपासून आम्ही जुनी झाडं सोडून जोड्या शोधायला लागलो. एका नाखव्याने दोन सकाळी होडी दिली. डिझेल आमचं, चहा त्याचा. समुद्रातून बघण्याचा फायदा मोठा. जमिनीवरून झाडाचा बुंधा दिसतो आणि घरटं शेंड्यात असतं. पाण्यावरून सगळे शेंडेच समोर. शिवाय विणीच्या सुरुवातीला सकाळी जोडी मिळून ओरडते, ते पाण्यावर लांबून ऐकू येतं.

पहिली जोडी तरीही होडीतून सापडली नाही. ती आमच्या बागायतदाराच्या गड्याने सापडवली. “वरच्या रायवळीवर मोठी घार बसते, तिनं मांगरावर हाडं टाकून घाण केलीय,” अशी त्याची तक्रार होती. किनाऱ्यापासून आत, सड्याच्या म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी सपाटीच्या कडेला, जुनाट रायवळ आंबा. समुद्र तिथून दिसतो, पण लाटेचा आवाज येत नाही. पुळणीवरचं सुरूचं झाड गेलं म्हणून जोडी डोंगर चढली होती आणि आम्ही पुळणीवर हिंडत होतो.

झाडाचे मालक वेगळे होते. त्यांना भेटायला मास्तर आणि मी गेलो. वादळात त्यांची निम्मी बाग आडवी झालेली, पंचनाम्याची रक्कम हातात पडली ती झाडांच्या मानाने काहीच नाही, आणि उभ्या राहिलेल्या रायवळीला लाकूडवाल्याने भाव सांगितलेला. त्यांनी आम्हाला कोकम सरबत दिलं आणि विचारलं, “मास्तर, तुमच्या पाखराला कायदा आहे. माझ्या कलमांना कुठला कायदा आहे?”

याला उत्तर नव्हतं. मास्तरांनी दिलंही नाही. ते फक्त म्हणाले, “शिमग्यापर्यंत ठेवा. पिल्लू उडालं की बोलू.” मालकांनी एक अट घातली : त्यांचं किंवा वाडीचं नाव कुठेही येता कामा नये. एकदा गाजावाजा झाला की स्वतःच्या झाडाची फांदी छाटायलासुद्धा दहा जणांना उत्तरं द्यावी लागतील. गावांची नावं न देण्याचं दुसरं कारण ते हे. रायवळ अजून उभी आहे. लाकूडवाल्याचा भाव मधल्या काळात वाढलाय, हेही लिहून ठेवतो.

दुसरी जोडी मोबाइलच्या टॉवरवर सापडली, मॅडमच्या विद्यार्थ्यांना. टॉवरच्या वरच्या टप्प्यात लोखंडाच्या कोनात काटक्यांचा भारा. डिसेंबरमध्ये पक्षी बसलेला होता. त्यानंतर दुरुस्तीसाठी माणूस वर चढला, जोडी बराच वेळ ओरडत घिरट्या घालत राहिली असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. आमची पुढची भेट अकरा दिवसांनी झाली, तेव्हा घरटं रिकामं. माणूस चढल्यामुळेच असं झालं, असं लिहायचा मोह सगळ्यांना झाला. मॅडमनी लिहू दिलं नाही. मधले अकरा दिवस तिथे आपलं कुणी नव्हतं, एवढंच वहीत गेलं. दुरुस्तीची कामं जमल्यास शिमग्यानंतर करा, असं पत्र टॉवरवाल्या कंपनीला दिलं. उत्तर आलेलं नाही.

तिसरी जोडी सापडली नाही. दोन मोसम शोधली, होडीतून, सड्यावरून, गड्यांना विचारून. जिथे तिचं सुरूचं झाड होतं तिथे आता नवी रोपं लावली आहेत, माणसाच्या छातीइतकी झालीत.

म्हणजे सात जोड्यांपैकी सहा. पण त्या सहांपैकी घर बदललेल्या दोघींनी पहिल्या मोसमात एकही पिल्लू उडवलं नाही. दुसऱ्या मोसमात रायवळीवरून एक उडालं, टॉवरवरून नाहीच. दोन जोड्यांवरून सिद्धांत होत नसतो. तरी वादळाचा खरा फटका कुठे बसला असेल याचा वास तिथे येतो, आणि ‘घरटी : सक्रिय / निष्क्रिय’ एवढेच दोन रकाने असलेल्या आमच्या जुन्या वहीत तो कधीच आला नसता. एका कार्यालयाकडून दरवर्षी येणाऱ्या तक्त्यात आजही एकच रकाना आहे, ‘घरट्यांची संख्या’. आम्ही तो भरतो आणि सोबत दोन पानं जोडतो. ती पानं कुणी वाचतं का, देव जाणे.

आता

वही आता दोघांची एकच आहे, दोन प्रतींत. क्रमांक जोडीला, झाड हा त्याखालचा रकाना. मोसमात चार भेटी ठरलेल्या : नवरात्र ते दिवाळी, डिसेंबर, संक्रांतीनंतर, आणि शिमगा. ठरलेल्या जागेवरून, लांबून, किमान एक तास. आल्याची आणि निघाल्याची वेळ, हवा, कोण कोण होतं. पक्षी बसला आहे, पिल्लू दिसलं, पिल्लू उडालं, यांना वेगवेगळ्या खुणा. तास पुरा बघून काही नसेल तर शून्य. गेलो नाही किंवा दिसण्यासारखी स्थिती नव्हती तर रेघ, आणि रेघेपुढे कारण.

छापण्याबद्दल एक पानी करार झाला. काही छापायचं तर दोन्ही गटांना आधी वाचायला द्यायचं, आणि ज्यांनी तीन मोसम भेटी दिल्या त्यांची नावं लेखकांत घ्यायची. यावर मॅडमच्या महाविद्यालयात कुरकुर झाली. मॅडमनी ती अंगावर घेतली. त्या दिवसापासून आमच्या गटात त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोलत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मास्तर आता सड्यावर चढत नाहीत, गुडघे दुखतात. त्यांची नात जाते, लग्नवालीची धाकटी बहीण. गेल्या संक्रांतीनंतरच्या भेटीला मी तिच्याबरोबर होतो. तिसऱ्या जोडीची जुनी जागा अजून यादीत ठेवली आहे, त्यासाठी सड्याच्या टोकावर एक दगड ठरलेला आहे, तिथून सगळी पुळण दिसते. आम्ही पावणेसातला पोचलो. खाडीवरून धुकं वर आलं होतं, कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं ऐकू येत होती आणि होडी एकही दिसत नव्हती. साडेआठपर्यंत बसलो. धुकं जरा विरळ होई, सुरूची रोपं दिसत, पुन्हा सगळं पांढरं. एकदा कुठेतरी ‘कांक’ ऐकल्यासारखं वाटलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली : नाही, खात्री नाही.

निघताना तिने वही काढली, वेळा लिहिल्या, रेघ मारली, आणि पुढे लिहिलं : धुकं.